चार खोल्यांतली शमशाद

रिक्षातून उतरून शमशाद दवाखान्याच्या फाटकाशी आली, तेव्हा मागून टरबूजवाल्यानं हाक मारली, "ओ बाई, चप्पल राहिली की रस्त्यात." तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय. मग तिनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय अनवाणी होता. उन्हाळ्यात जालना रोडचं डांबर दुपारी मऊ पडतं, सायकल लावली तर तिचा स्टँड आत रुततो. असल्या डांबरावरून ती चालत आली होती आणि पायानं तिला काहीएक कळवलं नव्हतं. टरबूजवाल्यानं चप्पल दोन बोटांत उचलून आणली, तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "पोळलं नाय का पायाला?" पोळलं ना, असं ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि तो समाधानानं आपल्या गाड्याकडे गेला. मग तिच्या मनात आलं की, आपण याच्याशीसुद्धा खोटं बोललो, आणि तेही काही कारण नसताना. त्याला एक उत्तर हवं होतं, ते आपल्याजवळ तयार होतं, आपण देऊन टाकलं. ती फाटकाच्या सावलीत भिंतीला टेकून उभी राहिली. आपल्याला भीती नेमकी कशाची वाटते आहे, हे तिला ठरवता येईना. पायाची वाटते, की वरच्या मजल्यावर तिची वाट बघत असलेल्या त्या चौघांची?

आजपर्यंत ते चौघं तिला कधी एकत्र भेटले नव्हते. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या उजव्या डोळ्यासमोर दुधावरच्या सायीसारखा पडदा आला, महिन्याभरानं तो गेला आणि कमरेखाली मुंग्या आल्या. तेव्हा मेंदूचे फोटो बघून मिरीकर डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं, असं ते म्हणाले होते. नवरा गयास वाळूजच्या कारखान्यात वायरमन. त्यानं लगेच मान डोलावली, त्याला ते समजलं. तिला समजलं नाही, अजूनही पुरतं समजलेलं नाही. तिला फक्त खोल्या समजल्या. एका लांब ओसरीवर चार दारं, आणि प्रत्येक दाराआड तिच्या शरीराचा एकेक तुकडा सांभाळणारं एकेक माणूस. मिरीकर डॉक्टरांकडे नसा आणि मेंदू. व्यायामाच्या खोलीत बन्सी सर, त्यांच्याकडे पाय. वच्छला सिस्टरकडे इंजेक्शनं, लघवीची तक्रार, पाणी किती प्यालं, झोप लागली का. आणि शेवटच्या, समुपदेशनाच्या खोलीत जहांआरा बाजी. त्यांच्याकडे काय होतं ते तिला नीट सांगता येत नसे. मन म्हणावं, तर मन इतर खोल्यांतही बरोबर असायचंच.

मिरीकर डॉक्टरांसमोर ती शाळेच्या तपासणीला साहेब आल्यावर बोलावं तसं बोलायची. गेल्या महिन्यात विशेष त्रास जाणवला नाही, सर. डॉक्टर मान हलवायचे, त्यांच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याची एक छटा यायची, आणि ती छटा आपण आणली याचा तिला थोडा आनंद व्हायचा. बन्सी सर थट्टेखोर. दारातच म्हणायचे, "काय बाई, आज दौलताबाद चढायचा ना?" तुम्ही व्हा पुढं, मी दोर घेऊन येते, असं ती म्हणायची आणि दोन्ही दांड्यांमधून ताठ चालून दाखवायची. त्या दिवशी ती शाळेतून रजा घ्यायची आणि सकाळभर पंख्याखाली पडून पाय साठवून ठेवायची. बन्सी सरांना हे कधी कळलं नाही. वच्छला सिस्टर फुलंब्रीकडच्या, म्हणजे शमशादच्या माहेराच्या. त्या तिला माय म्हणायच्या, आणि ती त्यांच्याशी लई, व्हय, नाय करत गावाकडचं बोलायची. पाणी पितेस ना माय, असं त्यांनी विचारलं की व्हय म्हणायची. शाळेत बायांसाठी एकच संडास, तोही मैदानाच्या पलीकडं, म्हणून शाळा सुटेपर्यंत ती पाण्याला शिवत नसे. पण सिस्टरच्या तोंडावर नाय कसं म्हणायचं? आणि जहांआरा बाजींसमोर बसलं की आपोआप घरातली दखनी यायची. त्या बोलीत खोटं बोलायची सवय तिला लागलीच नव्हती, कारण ती बोली अम्मीची होती आणि अम्मीला सगळं आधीच माहीत असायचं.

ही चाल तिच्या अब्बांची. चांदपाशा फुलंब्रीच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचे. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ते सात वर्षांचे होते, पाटीवर उर्दू गिरवत होते. मग शाळा मराठी झाली. उजवीकडून डावीकडे चालणारा हात डावीकडून उजवीकडे चालू लागला. मास्तर तेच, छडी तीच, नुसती दिशा बदलली. अब्बांनी त्यातून एक शहाणपण उचललं आणि मुलीला मराठी शाळेत घालताना ते तिच्या हातात दिलं: "जिस कमरे में जाना, उस कमरे की बोली बोलना. इज्जत रहती." त्या एका वाक्यावर शमशादचं आयुष्य उभं राहिलं. वर्गात तिचं मराठी इतकं स्वच्छ की, पुढं ती सिडकोतल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाची बाई झाली, आणि नवे पालक दारावरची पाटी वाचून दोनदा खात्री करायचे. त्याचा तिला अभिमान होता. आता मात्र कधी कधी तिला शंका यायची की, अब्बांनी सांगितलं ते खोल्यांपुरतं होतं. सगळ्या खोल्यांची माणसं एकाच खोलीत आली तर काय बोलायचं, ते अब्बांनी सांगितलंच नव्हतं. कदाचित त्यांनाही माहीत नसेल.

वच्छला सिस्टरचा फोन आला होता. इतके दिवस आम्ही चौघं आपापल्या दारात बसून तुला हाकतोय, आता एका टेबलाभोवती बसू, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या आवाजात लगीनघाई होती. शमशादनंही हौसेनं हो म्हटलं. नंतर रात्रीची भांडी घासताना तिचा हात थांबला. कुणाला काय सांगितलं आहे ते आठवून ठेवायला हवं होतं, आणि नेमकं तेच आजकाल जमत नव्हतं. शब्द तोंडाशी येऊन माघारी फिरत. गॅस बंद केला की नाही, ते बघायला ती तीनतीनदा स्वयंपाकघरात जायची. एक गोष्ट मात्र लख्ख आठवत होती. दिवाळीनंतर बन्सी सरांनी तिचा डावा पाय बघून सांगितलं होतं, हा ओढतोय, मिरीकर सरांना दाखवा, मी विचारलंय म्हणून सांगा. आणि पुढच्या खेपेला ती पटकन म्हणाली होती, दाखवला सर, जुनंच आहे म्हणाले. दाखवला नव्हता. बन्सी सरांनी मग पायाचे व्यायाम वाढवून दिले, तिनं ते मुकाट्यानं केले आणि पाय आणखी थकत गेला. जहांआरा बाजी सोडून कुणालाच ती पडल्याचं माहीत नव्हतं.

आणि ते पडणं तरी धड पडणं होतं का? पौषातली एक सकाळ. बाकांच्या मधून ती चालली होती, कुणाच्या तरी पाटीवर नजर होती, आणि एकाएकी गुडघ्याखाली काही उरलंच नाही. ती खाली बसली, म्हणजे कोसळलीच, पण तळवे टेकून. मग पहिल्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, बाई बेडूक झाल्या. साऱ्या वर्गानं धपाधप खाली उड्या घेतल्या आणि पन्नास-साठ बेडूक डराव डराव करू लागले. शमशादनंही डराव केलं. दुसरं काय करणार? पाय परत येईपर्यंत ती जमिनीवरच बसून राहिली आणि ब बेडकाचा, ड डबक्यातला शिकवत राहिली. दारातून मुख्याध्यापक बाईंनी पाहिलं, आणि मीटिंगमध्ये खेळातून शिक्षणाचं उदाहरण म्हणून तिचं कौतुक केलं. पुढं पोरं रोज बेडूक मागू लागली. कधी पोरांसाठी ती मुद्दाम बसायची, कधी पाय जायचे आणि बसावं लागायचं. कधी पाय जातील असं वाटून आधीच बसायची, म्हणजे पडायला नको. होता होता यातलं कुठलं कुठलं होतं, ते तिचं तिलाच सांगता येईनासं झालं. बाजींना तिनं सांगितलं तेव्हा बाजी हसल्या नाहीत. "ये तुमकूच बोलना पडता सर को," त्या म्हणाल्या, "मैं नै बोलूंगी. मेरे मुंह से निकला तो वो मेरी बात होती, तुम्हारी नै." मग मात्र एका पालकानं शाळेत तक्रार केली की, पहिलीच्या बाई डुलत चालतात, घेऊन येतात की काय. मुख्याध्यापक बाई चांगल्या होत्या. त्यांनी दार लावून, आवाज खाली आणून सांगितलं की, जूनमध्ये पहिलीचा वर्ग हवा असेल तर डॉक्टरांचा दाखला आणा, मग मी कुणालाही उत्तर देईन. तो दाखला आज मागायचा होता. खरं सांगितलं तर दाखला जाईल. नाही सांगितलं तर पाय जातील. हे दोन्ही तिला समजत होतं, फक्त एकाच वेळी समजत नव्हतं. एकाचा विचार केला की दुसरं पाठीमागं सरकायचं.

ओसरीच्या टोकाला दवाखान्यातली माणसं डबे खातात ती खोली होती. तिथं टेबलाभोवती चौघं बसले होते. वच्छला सिस्टरनं कूलरसमोरची खुर्ची तिच्यासाठी राखली होती, उन्हातून आल्यावर तिचे पाय आणखी जड होतात म्हणून. ती बसली. आज सकाळची शाळा करून, न झोपता आली होती. समोर चार ओळखीचे चेहरे होते, पण एकत्र बघताना ते परके वाटत होते. लग्नात माहेरची नि सासरची माणसं एका पंगतीला बसतात तेव्हा वाटतं तसं. कुणाकडे बघून कुठल्या आवाजात सलाम-नमस्कार करायचा ते ठरेना, म्हणून ती नुसती हसली.

मिरीकर डॉक्टरांनी सुरुवातच तिच्या कौतुकानं केली. औषध वेळेवर, तपासणी वेळेवर, दोन वर्षांत नवा झटका नाही. नव्या पेशंटांना मी यांचं उदाहरण देतो, असं ते म्हणाले. बन्सी सर म्हणाले, "डावा पाय सोडला तर."

"डाव्या पायाचं काय?"

"ओढतोय ना, दिवाळीपासून. तुम्ही बघितलाय की, सर. जुनंच आहे म्हणालात."

"मी कधी म्हणालो?"

बन्सी सर थोडं हसले, मोठ्या माणसाच्या विसरण्यावर धाकट्यानं हसावं तसं. आपण खास निरोप पाठवून विचारलं होतं, असं ते म्हणाले. मला कसलाही निरोप नाही, पाय ओढत होता तर तुम्ही त्याच दिवशी येऊन सांगायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आवाज दोघांचेही खाली होते, पण शब्दांना धार यायला लागली. तुम्ही राउंडला असता, दारात उभं राहून सांगायचं का, असं बन्सी सरांनी विचारलं. सिस्टर मध्ये पडल्या, तर त्यांनाही ऐकावं लागलं. शमशाद बघत राहिली. वर्गात एकाच्या खोडीसाठी दुसरी दोन पोरं एकमेकांवर जातात आणि खोडी करणारं पोर तिसऱ्या बाकावर अगदी शहाण्यासारखं हाताची घडी घालून बसतं, ते पोर तिला नेहमी दिसायचं. ओरडायची नाही ती त्याला. नुसती त्याच्याकडे बघत उभी राहायची, त्याचं त्याला उठता येईपर्यंत. जहांआरा बाजी टेबलाकडे बघत होत्या. त्या बोलणार नव्हत्या. गप्प बसलं तर हे भांडण असंच संपेल, चहा येईल, दाखला मिळेल. शमशादनं तोंड उघडलं, आणि डॉक्टरांसाठी जपलेलं ते स्वच्छ मराठी जागेवर नव्हतं. तिथं काहीच नव्हतं.

"मैं झूट बोली, सर," ती म्हणाली. "बन्सी सरांची काही चूक नाय. म्या सांगितलं त्यांना तसं. पाँव चला जाता मेरा. वर्गात पडते मी."

चार बोल्या एकात एक मिसळून बाहेर आल्या. मग बेडकाचं सांगणं आलं, तेही तसंच, काही इकडचं काही तिकडचं. बन्सी सरांना मध्येच हसू फुटलं, ते त्यांनी तोंडावर हात ठेवून आत ढकललं. वच्छला सिस्टर म्हणाल्या, "अगं माय माझे." किती वेळा पडलात, असं डॉक्टरांनी विचारलं. तिनं खरोखर आठवायचा प्रयत्न केला. पोरांसाठी बसलेले आणि पाय गेलेले असे दिवस वेगळे काढू पाहिले, पण ते सगळे एकाच रंगाचे होते. मला माहीत नाही सर, ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की, या खोलीत आपण दिलेलं हे पहिलं उत्तर आहे जे तयार नव्हतं.

ती डॉक्टरांच्या रागावण्याची वाट बघत होती. रागावणं आलं असतं तर बरं झालं असतं, त्याला कसं उत्तर द्यायचं ते तिला येत होतं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि हळू आवाजात म्हणाले की, याचा अर्थ ते इंजेक्शन गेले काही महिने काम करत नाही आणि आपण सगळे ते करतंय असं समजून चाललो. तुम्हाला ठाऊक होतं का, असं त्यांनी बाजींना विचारलं. बाजी म्हणाल्या, होतं, पण मला सांगितलेलं मी दुसऱ्या दारात नेत नाही. नेलं असतं तर ही मलाही सांगायची बंद झाली असती, मग कुणालाच कळलं नसतं. डॉक्टरांना ते पटलं नसावं. पण मग बोलणं सुरू झालं आणि ते तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जाऊ लागलं. पुन्हा मेंदूचे फोटो काढायचे. औषध बदलायचं, नवं औषध दवाखान्यात राहून सलाईनमधून घ्यायचं. बन्सी सर म्हणाले, आधी व्यायाम निम्मे करतो, मीच बाईंचा पाय दमवला, आणि टाचेला आधार देणारी पट्टी बनवून घेतो. सिस्टर म्हणाल्या, पाणी ही पीत नाही, माझी खात्री आहे आता, आणि तिच्याकडे अशा बघितल्या की तिनं मान खाली घातली. एकाचं म्हणणं अर्धं होतं न होतं तोच दुसरं माणूस ते उचलत होतं, मोडत होतं, पुन्हा जोडत होतं. इतके दिवस या दारातलं त्या दारात तीच वाहत होती, आणि वाहताना वाटेत बदलत होती. आता तिच्या हातात वाहायला काही नव्हतं. हात मोकळे पडले तेव्हा तिला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत होतं का? तिला उघडं पडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याखाली कुठंतरी खूप झोप आली होती. ही चौघं जिच्याबद्दल बोलताहेत ती बाई कोण, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

"सर, पहिलीचा वर्ग?" तिनं विचारलं.

सगळे थांबले. डॉक्टर म्हणाले की, उभं राहून शिकवू शकतात असं मी लिहून देऊ शकत नाही, ते खोटं होईल. बसून शिकवू शकतात असं लिहून देतो. त्यावर शाळेशी मी बोलतो. बन्सी सर म्हणाले, चाकाची खुर्ची नको लगेच, एक चांगली हातांची खुर्ची बस्स.

"पहिली बसून होत नाही," ती म्हणाली.

"का नाही? फळा खाली घेता येईल."

फळ्याचं नव्हतं ते. फळ्यावर काय, कुणीही लिहितं. तिला सांगायचं होतं की, पोराच्या पाठीमागून वाकावं लागतं, त्याच्या मुठीवर आपली मूठ धरावी लागते आणि मग ते करून घ्यावं लागतं, ते जे पाटीवर पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून हात नेणं असतं ते. त्याला एक शब्द होता. ती दिवसातून कितीदा तरी तो शब्द बोलायची. तिनं तो शोधला, मराठीत शोधला, दखनीत शोधला, अब्बांच्या दुकानातल्या खडूच्या खुणांपर्यंत जाऊन शोधला. शब्द आला नाही. चौघं वाट बघत होते, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मग ती खुर्चीतूनच डॉक्टरांना म्हणाली, "इकडं या, सर."

तो आवाज वर्गातला होता. मिरीकर डॉक्टर उठले आणि आले. ते उंच होते. त्यांना बसा म्हटल्यावर सिस्टरनं पायाखालचा लाकडी पाट सरकवला, आणि ते त्यावर गुडघे दुमडून बसले, तेव्हा कुठं त्यांचं डोकं तिच्या खांद्याशी आलं. तिनं डब्याखालचं वर्तमानपत्र ओढून त्याची कोरी कड त्यांच्यापुढे केली, त्यांच्या हातात पेन होतंच. ळ घेऊ, ती म्हणाली, पोरांना सगळ्यात अवघड जातो. पाठीमागून वाकायचं जमणार नव्हतं, म्हणून तिनं बाजूनंच आपला हात आडवा नेला आणि त्यांच्या मुठीवर ठेवला. बसून हा हात कसा पडतो ते तिलाही आजवर माहीत नव्हतं. पहिली गाठ वळताना तिची बोटं थरथरली, आणि डॉक्टरांच्या हातानं, सवयीनं असेल, तिचा हात सावरला.

"सैल सोडा, सर," ती म्हणाली. "तुम्ही काढू नका. मी काढते."

त्यांनी हात सैल सोडला. एका मोठ्या माणसाच्या हाताचं सगळं वजन तिच्या तळव्यात आलं. बन्सी सर उठून टेबलाच्या या बाजूला आले. त्यांनी तिच्या कोपराखाली आपला पंजा धरला, आणि सिस्टरनं उडणारा कागद दाबून धरला. पहिली गाठ वाकडी झाली. दुसरी वळायला लागली, थांबली, पुन्हा वळली. ती पुरी झाली तेव्हा ती नेमकी कुणाच्या हातानं झाली, ते तिला सांगता आलं नसतं. डॉक्टर मान वर करून तिच्याकडे बघू लागले, झालं का म्हणून. तिनं त्यांची मूठ सोडली नाही. वरची रेघ अजून द्यायची होती.